साइड स्टँड: दुखणं पायात नाही, सांध्यात

मोटारसायकल साइड स्टँडवर लावली की तिचं सगळं ओझं त्या एका लोखंडी पायावर येतं, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ओझ्याचा मोठा वाटा दोन चाकांवरच राहतो आणि स्टँडवर येतो तो उरलेला भाग. तो किती, हे शाळेत शिकलेल्या तरफेच्या नियमाने काढता येतं. दुरुस्तीला हात घालण्याआधी हा हिशोब एकदा मांडावाच, कारण स्टँड कशाने बिघडतो याचं निम्मं उत्तर त्यातच मिळतं.

११० किलोंची, १०० सीसीची गाडी घेऊ. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण अर्ध्या मीटरवर असतो. गाडी डावीकडे १० अंश कलली की हा मध्य चाकांच्या रेषेपासून सुमारे ९ सेंटिमीटर बाहेर येतो. स्टँडचं पाऊल त्याच रेषेपासून २८ सेंटिमीटरवर टेकलंय असं धरा. ११० ला ९ ने गुणायचं आणि २८ ने भागायचं. उत्तर येतं सुमारे ३५ किलो.

आता त्याच गाडीवर ७५ किलोंचा माणूस मोबाइल बघत आरामात बसला. त्याचा गुरुत्वमध्य बराच वर, साधारण ९५ सेंटिमीटरवर असतो. जितका उंच तितका तो कलताना बाहेर जातो, म्हणजे १६-१७ सेंटिमीटर. या एकट्या माणसाचे ४४ किलो स्टँडवर येतात. वजनाने गाडीपेक्षा हलका असलेला माणूस स्टँडला मात्र गाडीपेक्षा जड पडतो. कॉलेजच्या कट्ट्यावर एकेका गाडीवर दोघं-तिघं बसलेले असतात, तेव्हा स्टँड काय सोसत असेल ते यावरून समजावं.

दुधाच्या कॅनचा हिशोब तर याहून धक्कादायक आहे. ४० लिटरच्या भरलेल्या कॅनमध्ये सुमारे ४१ किलो दूध असतं. गाडी साइड स्टँडवर लावून डावीकडे एक कॅन अडकवला, तर त्याचं वजन स्टँडच्या पावलाच्याही बाहेर, चाकांच्या रेषेपासून सुमारे ४५ सेंटिमीटरवर पडतं. त्या एका कॅनने स्टँडवर सुमारे ६६ किलोंचा दाब येतो, कॅनच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त. मग उजवीकडचा कॅन आधी लावावा का? तेही नको. उजवीकडचा कॅन स्टँडवरचं ओझं जवळजवळ शून्यावर आणतो आणि गाडी नुसत्या धक्क्याने उजवीकडे आडवी होऊ शकते. कॅन चढवायचे तर डबल स्टँडवरच, आणि तेही दोन्ही बाजूंनी एकदम.

हे आकडे ढोबळ आहेत, प्रत्येक गाडीचे थोडे वेगळे येतील. पण त्यातली एक गोष्ट कुठल्याही गाडीला लागू होते. गाडी जितकी जास्त कलते, तितकं स्टँडवरचं ओझं वाढतं. ११० किलोंची तीच गाडी १० ऐवजी १५ अंश कलली, तर ३५ चे ५० किलो होतात. स्टँड थोडा झिजला की गाडी जास्त कलते, जास्त कलली की ओझं वाढतं आणि ओझं वाढलं की झीज आणखी वेगाने होते. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं मुकाट चाललेला स्टँड पुढच्या काही महिन्यांत एकदम लोळण घेतो. चाकणला बनणाऱ्या केटीएम ड्यूकसारख्या गाड्यांना मधला डबल स्टँड नसतोच, त्यामुळे त्यांचं सारं उभं राहणं या एका पायावर असतं. १९५ किलोंच्या बुलेटला डबल स्टँड असतो खरा, पण तो रोज लावायचा कंटाळा येतो आणि शेवटी तीही साइड स्टँडवरच दिवस काढते.

आता झीज नेमकी कुठे होते ते पाहू. गाडीच्या डाव्या बाजूला वाकून स्टँडचं वरचं टोक बघा. चेसीच्या खालच्या नळीला एक जाड लोखंडी कान वेल्ड केलेला असतो. स्टँडच्या टोकाला दोन पाकळ्या असतात, त्यांच्यामध्ये हा कान बसतो आणि तिन्हींतून एक बोल्ट जातो. काही गाड्यांत पाकळ्या चेसीला आणि कान स्टँडला असतो, पण तत्त्व तेच. हा बोल्ट साधा नसतो. त्याचा मधला भाग गुळगुळीत गोल असतो, आटे फक्त टोकाला. स्टँड फिरतो तो या गुळगुळीत भागावर, आणि पलीकडचा नट स्टँडला आवळत नाही, बोल्टला जागेवर धरून ठेवतो. हा फरक ज्या मेकॅनिकला माहीत असतो, त्याच्या हातचा स्टँड टिकतो.

सांधा रस्त्यापासून वीतभर अंतरावर आणि पुढच्या चाकाच्या माऱ्यात असतो. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा, आणि गाडी धुताना प्रेशरच्या पाण्याने उरलंसुरलं ग्रीसही निघून जातं. सर्व्हिसिंगला चेनला ऑइल मिळतं, या बोल्टची आठवण कुणाला होत नाही. बारीक वाळू आत जाऊन बसते आणि प्रत्येक वेळी स्टँड काढता-लावताना भोक घासत राहते. गोल भोक अंडाकृती होतं, पाकळ्या फाकतात. पाकळी आणि कान यांच्यात एक मिलिमीटरची फट पडली, तरी तीस मिलिमीटर रुंदीच्या सांध्यात ती नजरेत भरत नाही. पण स्टँडची लांबी अडीचशे मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे पावलाशी तीच फट आठ मिलिमीटरची होते. बिजागरी किंचित ढिली झाली तरी दाराचं टोक फरशीला घासायला लागतं, तसाच हा प्रकार.

पाऊल आठ मिलिमीटर बाहेर सरकतं आणि गाडी जास्त कलते. मालकाला दिसतं ते एवढंच की स्टँड आखूड पडतोय. तो फॅब्रिकेशनच्या दुकानात जातो आणि म्हणतो, ‘अण्णा, खालून एक इंच वाढवून द्या.’ अण्णा जुनं पाऊल कापतात, सळईचा तुकडा जोडतात, पाच मिनिटांत काम होतं. गाडी सरळ उभी राहते आणि दोघंही समाधानी. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी साइड स्टँडची दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा हेच असतं, आणि माझ्या मते ही दुरुस्ती करण्यापेक्षा न केलेली बरी. सांधा तसाच ढिला राहतो. शिवाय एक इंच वाढवल्याने कल चार-पाच अंशांनी कमी होतो. पुढे कुणी नवा बोल्ट टाकून सांधा घट्ट केला की गाडी पाच-सहा अंशांवर येते, आणि इतक्या ताठ उभ्या गाडीला वाऱ्याचा झोत किंवा शेजारच्या गाडीचा धक्का उजवीकडे पाडायला पुरतो.

म्हणून आधी मोजमाप घ्यावं. सपाट फरशीवर गाडी साइड स्टँडवर लावा. अर्ध्या मीटरची सरळ लाकडी पट्टी मागच्या चाकाच्या रिमला उभी टेकवून धरा आणि पट्टीच्या वरच्या टोकापासून गवंड्याचा ओळंबा सोडा. खालच्या टोकाशी दोरी आणि पट्टी यांच्यात ९ सेंटिमीटर अंतर आलं तर गाडी १० अंश कललीय, साडेदहा आलं तर १२. बहुतेक गाड्यांना या दोहोंच्या मधला कल ठीक. १३-१४ सेंटिमीटर येत असेल तर दुरुस्तीची वेळ झाली. मग गाडी डबल स्टँडवर घ्या, साइड स्टँड खाली करा आणि पाऊल हातात धरून आत-बाहेर हलवा. पाऊल खटखट हलत असेल तर दोष वर सांध्यात आहे. हलत नसेल आणि तरीही गाडी कलत असेल, तरच नळी वाकलीय का, पाऊल झिजलंय का, अडणीची (तिच्याबद्दल पुढे) काय अवस्था आहे, हे पाहायचं.

सांध्याची दुरुस्ती तीन पायऱ्यांची असते. झीज थोडी असेल तर कंपनीचा नवा बोल्ट टाकावा, दोन्ही बाजूंना पातळ वायसर घालून फट भरावी, ग्रीस भरावं आणि नायलॉक नट लावावा. हार्डवेअरच्या दुकानातला पूर्ण आट्यांचा बोल्ट चालत नाही. त्याचे आटे कानशीसारखं काम करतात आणि भोक महिन्या-दोन महिन्यांत मोठं करतात. कंपनीचा बोल्ट मिळालाच नाही, तर गुळगुळीत भाग पुरेसा लांब असलेला आणि डोक्यावर ८.८ कोरलेला बोल्ट शोधावा. ८.८ ही त्याच्या ताकदीची खूण आहे. आणखी एक चूक सर्रास होते. खडखड थांबावी म्हणून नट दाबून आवळला जातो. स्टँड मग जागच्या जागी अडकतो आणि स्प्रिंगला तो वर ओढता येत नाही. ढिल्या स्टँडपेक्षा असा अडकलेला स्टँड जास्त धोक्याचा.

भोक अंडाकृती झालं असेल तर नवा बोल्ट त्यात तसाच डुगडुगणार. अशा वेळी लेथवाल्याकडे जावं. १० मिलिमीटरचं भोक १४ चं करून त्यात गनमेटलचा बुश मारून घ्यायचा, बुशाचं आतलं भोक पुन्हा १० चं. दोन्ही पाकळ्यांतली भोकं एकाच फटक्यात, एका रेषेत पाडायला सांगावं. वेगवेगळी पाडली तर बोल्ट तिरका बसतो आणि सांधा पुन्हा घासतो. भोक मोठं केल्यावर त्याच्याभोवती धातू पुरेसा उरतोय ना, तेही पाहून घ्यावं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम कुणाला समजावून सांगावं लागत नाही, आणि जिथे एमआयडीसी आहे तिथे एखादा लेथ सापडतोच. फाकलेल्या पाकळ्या थंड असताना हातोड्याने ठोकू नयेत, तडा जातो. लाल होईपर्यंत गरम करून व्हाइसमध्ये हलक्या हाताने जवळ आणाव्यात.

तिसरी पायरी म्हणजे नवा स्टँड. साध्या १०० ते १२५ सीसीच्या गाड्यांना तो काही शे रुपयांत मिळतो, पुण्यात नाना पेठेत तर ढिगाने. नळी वाकली असेल तर वेल्डिंगपेक्षा नवा घ्यावा, हे माझं स्पष्ट मत. वाकलेल्या नळीत सळई घालून ती भक्कम करता येते, पण पाय गरजेपेक्षा ताठ केला की पुढचा जोरदार धक्का थेट चेसीच्या कानावर जातो. वाकलेला स्टँड बदलता येतो, चेसी बदलता येत नाही.

अडणीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिच्याकडे सहसा कुणी पाहत नाही. स्टँड उघडल्यावर जिथे थांबतो, तो लोखंडाचा छोटा उंचवटा म्हणजे अडणी. तिच्यामुळे पाऊल सांध्याच्या थोडं पुढे टेकतं. म्हणून मागे रेटली गेली तर गाडी स्टँडवर आणखी घट्ट बसते, आणि पुढे घरंगळली तर स्टँड मिटतो. (उतारावर गाडीचं तोंड चढाकडे ठेवून पहिला गिअर टाकायचा तो यासाठीच.) अडणी ठोकरा खाऊन झिजली की पाऊल जास्तच पुढे जातं, पाय जमिनीकडे निजतो आणि गाडी खाली येते. उपाय सोपा आहे. अडणीवर वेल्डिंगचा एक थर द्यायचा आणि कानशीने थोडा थोडा घासत, ओळंब्याने मोजत, योग्य कल आणायचा.

खाली रुंद पट्टी बसवणं हे मात्र मनापासून सुचवावंसं काम आहे. कंपनीचं पाऊल साधारण २ बाय ४ सेंटिमीटर, म्हणजे ८ चौरस सेंटिमीटर. त्यावर ३५ किलो आले की दर चौरस सेंटिमीटरला चार किलोंहून जास्त दाब येतो. विदर्भातल्या मे महिन्यात डांबर मऊ पडतं, आणि पावसाळ्यात काळ्या रानात तर काही विचारायलाच नको. लोक चपटा दगड शोधतात, तो दाब पसरावा म्हणून. साडेसात सेंटिमीटर बाजूची चौरस पट्टी लावली तर क्षेत्रफळ ५६ होतं आणि दाब ६०० ग्रॅमवर येतो. पट्टी ४-५ मिलिमीटर जाड असावी, कोपरे गोल करावेत आणि पुढची कड किंचित वर वळवावी, म्हणजे ती रस्त्यात अडकत नाही. वेल्ड करण्याआधी टाका मारून स्टँड मिटून पाहावा. पट्टी चेनला, सायलेन्सरला किंवा फूटरेस्टला लागत असेल तर छोटी करावी.

सगळ्यात नाजूक काम चेसीच्या कानाचं. कान जिथे नळीला जोडलेला असतो तिथे केसासारखी चीर पडते. गंज आणि धुळीखाली ती दिसत नाही, म्हणून रॉकेलने पुसून टॉर्चच्या उजेडात पाहावी. चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडलं की ती पुढे सरकायची थांबते. मग ग्राइंडरने चिरेची खाच करायची आणि खाच भरून काढायची. चेसीची नळी पातळ असते, करंट जास्त ठेवला तर भोक पडतं. म्हणून बारा नंबरचा, म्हणजे अडीच मिलिमीटरचा रॉड घ्यावा आणि थांबत थांबत काम करावं. नळीभोवती पूर्ण गोल वेल्डिंग फिरवू नये. त्या कड्याशेजारचं लोखंड कमकुवत होतं आणि पुढची चीर तिथूनच जाते. कानाला आधार द्यायचा तर निमुळती कोपरपट्टी नळीच्या लांबीच्या दिशेने लावावी. आणि काम झालं की त्यावर मगभर पाणी ओतायची सवय सोडून द्यावी. तापलेलं लोखंड पाण्याने झटकन थंड केलं की ठिसूळ होऊ शकतं. ते आपोआप निवू द्यावं. एकदा दुरुस्त केलेला कान त्याच जागी पुन्हा चिरला, तर तिथे दुसऱ्यांदा रॉड लावू नये. जुना कान कापून नवा, रुंद बुडाचा कान बसवावा.

गाडीवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायलाच हवी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि तेव्हापासूनच्या बहुतेक गाड्यांत पेट्रोलचं काम इलेक्ट्रॉनिक मेंदू पाहतो. त्याचा कपलरही सोडवून ठेवावा. पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवावी. अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ, घासून चकचकीत केलेल्या लोखंडाला लावावा. तो मागच्या चाकाला लावला तर सगळा करंट बेअरिंगमधून आणि चेनमधून वाहतो आणि बेअरिंग खराब होते.

उरली स्प्रिंग. स्टँड वर असताना स्प्रिंगची ओढ सांध्याच्या एका बाजूने जाते, खाली असताना दुसऱ्या बाजूने. म्हणून एकच स्प्रिंग त्याला दोन्ही जागी धरून ठेवते. अनेक गाड्यांत एकात एक अशा दोन स्प्रिंगा असतात, एक तुटली तर दुसरी सांभाळते. त्यातली एक तुटलेली दिसली की दोन्ही बदलाव्यात. नवी स्प्रिंग पकडीने ओढून बसवताना ती निसटून डोळ्यात जाऊ शकते. त्यापेक्षा तिची एक आकडी व्हाइसमध्ये धरा, स्प्रिंग एका बाजूला वाकवा आणि उघडलेल्या वेटोळ्यांत एकेक वायसर खोचा. मग दुसऱ्या बाजूला वाकवून तिकडच्या फटींतही वायसर भरा. स्प्रिंग तेवढी लांब होते आणि हाताने अडकवता येते. स्टँड उघडून मिटला की वायसर आपोआप गळून पडतात. तरीही चष्मा लावूनच काम करावं.

स्प्रिंग मेली की स्टँड चालत्या गाडीत खाली लोंबतो. सरळ रस्त्यावर ते कळत नाही. डावीकडच्या वळणावर गाडी कलते, पाऊल रस्त्याला टेकतं, मागचं चाक उचललं जातं आणि गाडी फेकली जाते. युरोपीय समुदायाने तर १९९३ मध्ये दुचाकींच्या स्टँडसाठी वेगळी नियमावलीच काढली. स्टँड उघडा असताना गिअर टाकला की इंजिन बंद पाडणारा स्विच आज आपल्याकडच्या बहुतेक नव्या गाड्यांत असतो, तोही याच धोक्यावरचा उपाय म्हणून. हा स्विच बहुतेक वेळा सांध्याच्या बोल्टाशीच बसवलेला असतो, त्यामुळे बुश किंवा बोल्ट बदलल्यावर तो नीट लागतोय का, हे स्टँड उघडा ठेवून, क्लच दाबून, गिअर टाकून तपासावं. स्विच बिघडला की वायर कापून दोन टोकं जोडून देणारे मेकॅनिक भेटतात. त्यांना तसं करू देऊ नका, नवा स्विच येईपर्यंत गाडी चार दिवस दुकानात राहिली तरी चालेल.